बॉनेटखालचा रंग: चिपळूणच्या एका पद्मिनीचं प्रकरण

गाडी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी, मालक माझे मामा, मुक्काम चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या आवारात शिरलं आणि गाडी बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा इंजिनच्या प्रत्येक सांदीत गाळ बसला होता. ओळखीच्या फिटरने इंजिन उतरवून खोललं, धुतलं, पॅकिंग आणि तेल बदलून पुन्हा चालू केलं. ते काम उत्तम झालं. त्यानंतर बॉनेटखालचा भाग नव्यासारखा करून घ्यावा म्हणून गाडी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेली. परत आली तेव्हा सगळं काळंभोर चमकत होतं: टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण), एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर, बॅटरीचा ट्रे, लहानमोठे ब्रॅकेट, काही ठिकाणी तर वायरसुद्धा. पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे निघू लागले आणि गाडी सकाळी स्टार्टरला कुरकुरू लागली.

मी चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये काम करतो. रंग का टिकतो आणि का सुटतो, हाच माझा रोजचा विषय. त्यामुळे २०२२ च्या डिसेंबरात मामांचा फोन आला तो "तू येऊन एकदा बघ" एवढाच. बघितल्यावर लक्षात आलं, की बॉनेटखालच्या रंगाची जेवढी दुखणी असू शकतात, त्यांतली बहुतेक या एका गाडीत जमली आहेत. घरी काम करू पाहणाऱ्याला त्यातून बरंच घेता येईल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बॉनेटखाली "एक रंग" लागत नाही. तिथल्या प्रत्येक भागाचा शत्रू वेगळा असतो. टॅपेट कव्हरचा शत्रू ताप आणि तेल, कार्बोरेटरच्या आसपासच्या भागांचा पेट्रोल, बॅटरीच्या ट्रेचा ॲसिड, ब्रेक सिलेंडरखालच्या पत्र्याचा ब्रेक ऑइल, आणि कोकणात या सगळ्यांवर दमट हवा. शत्रू ओळखला की रंग आपोआप ठरतो. तो न ओळखता सगळ्यावर एकच कॅन फिरवला, की जे झालं ते होणारच होतं.

पाहणीत काय दिसलं

टॅपेट कव्हर पद्मिनीत पत्र्याचं असतं. त्यावरचा काळा रंग तपकिरी पडला होता आणि इंजिन गरम असताना बोटाला चिकटत होता. थिनरमध्ये फडकं भिजवून कडेला चोळलं तर रंग लगेच विरघळून फडक्यावर आला. याचा अर्थ तो साधा, एका डब्यातला, हवेने वाळणारा रंग होता. असा रंग वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, एवढंच. आत रासायनिक बांधणी होत नाही. तापला की पुन्हा मऊ होतो, पेट्रोल लागलं की सुटतो. दाराच्या ग्रिलला किंवा सायकलला तो चालतो, इंजिनाला चालत नाही. ही थिनरची चाचणी कुणीही घरी करू शकतो आणि नवा रंग आणण्याआधी करावीच. अशा विरघळणाऱ्या रंगावर जोरकस थिनरचा नवा रंग मारला तर खालचा थर फुगतो आणि वर सुरकुत्या पडतात. म्हणजे जुना रंग पूर्ण काढण्याला इथे पर्याय नव्हता.

एअर फिल्टरच्या डब्यावर फोड आले होते. सुरीच्या टोकाने एक फोडला तर आत पाण्याचा थेंब, आणि खाली तांबूस गंज. हे पुराच्या गाड्यांचं खास दुखणं आहे. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ थोडी थोडी आरपार जातच असते. खाली पत्र्यावर गाळातले क्षार राहिले असतील तर ते ती वाफ ओढून घेतात, थेंब जमतो, दाब वाढतो, फोड येतो. मग त्या पाण्यात लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेत असल्यामुळे तो रंगाला आतूनच उचलतो. वरून कितीही महागडा रंग असता तरी फरक पडला नसता, कारण गाळ न धुता रंग मारला गेला होता. काही कोपऱ्यांत रंगाखाली चक्क मातीचा थर सापडला.

बॅटरीचा ट्रे सगळ्यांत वाईट. पत्र्याला खड्डे पडले होते, भोकं मात्र नव्हती. खड्ड्यांच्या कडेला पांढरी पूड म्हणजे ॲसिड अजून जिवंत होतं.

स्टार्टरच्या कुरकुरीचं कारणही रंगातच निघालं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून मामांना स्टार्टर मारायला सांगितला. निरोगी गाडीत हा आकडा व्होल्टच्या दोन-तीन दशांशांपलीकडे जाऊ नये. इथे तो व्होल्टच्या वर गेला. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने बसते तिथे ती काढून, खालचा पत्रा रंगवून, पुन्हा वर कसली होती. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह रंगाच्या थरातून कसा जाणार? रंग खरवडून पांढरं लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर घातला, पट्टी कसली, वरून ग्रीसचा हात दिला. गाडी त्याच क्षणी पूर्वीसारखी एका फटक्यात सुरू झाली. रंगकाम करणाऱ्यांनी अर्थिंगच्या जागा टेपने झाकाव्यात, हे मला खरं तर कुठल्याही शेडच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

इंजिन नंबरही रंगाखाली बुजला होता. १९८५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पुढचं २०२५ मध्ये येणार होतं. आरटीओत इंजिन आणि चेसिस नंबर ताडून बघतात, चेसिस नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात. नंबरावर जाड रंग असेल तर अडचण, आणि तो काढण्यासाठी कानस किंवा ग्राइंडर लावला तर त्याहून मोठी अडचण, कारण छेडछाड केल्यासारखं दिसतं. आम्ही तिथे फक्त थिनर आणि मऊ ब्रश वापरला. अंक स्वच्छ झाल्यावर त्यावर रंग नाही, तेलाचं पातळ बोट फिरवलं.

आधी ताप मोजला

रंग आणण्याआधी कुठला भाग किती तापतो ते मोजायचं ठरवलं. करोनाच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, त्याची झेप शरीराच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतो तो इन्फ्रारेड थर्मामीटर मी नेला होता. त्यातही एक मेख आहे: चकचकीत ॲल्युमिनियम किंवा क्रोमवर तो खरा ताप दाखवत नाही, बराच कमी दाखवतो. म्हणून मोजायच्या जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा.

गाडी पोफळीवरून कुंभार्ली घाटात चढवली आणि वर थांबून बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हर नव्वदीच्या आसपास होतं. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाण्याचा पंप थांबतात, आतला ताप मात्र बाहेर येतच राहतो, त्यामुळे पुढची काही मिनिटं आकडा अजून चढत गेला आणि शंभर ओलांडून मग उतरला. इंजिन चालू असतानाचाच आकडा धरणारे इथे फसतात. एअर फिल्टरचा डबा साठीच्या आत, बॅटरीचा ट्रे त्याहून थंड. सायलेन्सरचं मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग, हेडजवळ तीनशेच्या वर गेलं आणि तेही घाट चढून थांबल्यानंतर. चढताना ते याहून तापलेलं असणार.

या आकड्यांनी निम्मे निर्णय करून टाकले. टॅपेट कव्हरला इंजिन इनॅमल, जे साधारण २६० अंशांपर्यंतचं म्हणून विकलं जातं. तापाला ते भरपूर पुरतं आणि एकदा भाजलं की पेट्रोल-तेलालाही दाद देत नाही. फिल्टरच्या डब्याला तापाची फार भीती नाही, पण तो कार्बोरेटरच्या डोक्यावर बसतो आणि पेट्रोलची वाफ त्याला लागते, म्हणून त्यालाही तेच. ट्रेला आणि ब्रेक सिलेंडरखालच्या पत्र्याला इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा दोन डब्यांचा घट्ट रंग.

मॅनिफोल्डला आम्ही रंग दिला नाही. त्यासाठी सिलिकॉन राळेचा, ६०० अंशांचा ॲल्युमिनियम पेंट मिळतो, तो चांगलाही असतो. पण त्याला धातू अगदी कोरा लागतो, साध्या रेड ऑक्साईड प्रायमरवर तो बसत नाही, प्रायमरच जळतो. कोरा धातू म्हणजे मॅनिफोल्ड उतरवून सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करून, आणणं आलं. ३८ वर्षांच्या गाडीत त्याचे स्टड, म्हणजे ते धरून ठेवणारे बोल्ट, सोडवायला जावं तर एखादा तुटणं जवळजवळ ठरलेलं. शिवाय त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. ते वायर ब्रशने घासून त्याची धूळ उडवणं मला मंजूर नव्हतं. बिडाचा गंज वरवरचा असतो आणि मॅनिफोल्डची जाडी पुष्कळ असते. ते तपकिरीच राहू दिलं. मामांना ते थोडं खटकलं, अजूनही खटकतं.

ॲल्युमिनियमचं सिलेंडर हेडही तसंच ठेवलं, फक्त धुतलं. इथे एक इशारा द्यायलाच हवा. तेलकट इंजिन साफ करायला बाजारात कॉस्टिक सोड्याची पावडर किंवा द्रावणं मिळतात, लोखंडावर ती चालतात. ॲल्युमिनियमला कॉस्टिक लागलं तर धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन वायू निघतो. हेड, कार्बोरेटर, पंपाचे भाग यांच्या जवळपासही ते नेऊ नये.

टू-के रंगाचा, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून फवारायच्या रंगाचा, विचार झाला होता. गावातल्या एका पेंटरने तो सुचवला आणि त्याचं म्हणणं टिकाऊपणाच्या दृष्टीने बरोबर होतं. बॉडीला आज तोच मारतात. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने फवारताना त्याचे कण श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. कारखान्यात आमची माणसं बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून हे काम करतात. घराच्या पडवीत, जिथे आत मामी स्वयंपाक करते आहे आणि नातवंडं खेळताहेत, तिथे हा रंग फवारायचा नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही.

धुणं, घासणं आणि पाण्याची परीक्षा

काम जानेवारीत केलं, मुद्दाम. कोकणात पावसाळ्यात रंग मारायला बसणं म्हणजे दमट हवेशी भांडण. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, त्यावर हवेतलं दव धरतं आणि रंग पांढरट पडतो. आमच्या धंद्यातला नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं त्याच्या, निदान तीन अंश वर असावं. जानेवारीतसुद्धा चिपळूणला सकाळी सगळं दवाने ओलं असतं, म्हणून रंगाचं काम ऊन चढल्यावर सुरू करायचं आणि चारच्या आत आवरायचं.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी बाहेर काढली. टॅपेट कव्हर आणि फिल्टरचा डबा उतरवला. उघड्या पडलेल्या टॅपेटवर स्वच्छ सुती कापड, त्यावर प्लॅस्टिक, कडेने टेप. कार्बोरेटरचं तोंडही तसंच बंद केलं. वाळूचा एक कण आत गेला तर तो बेअरिंगपर्यंत पोहोचतो, म्हणून पत्र्याचं घासकाम गाडीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

तेलकट थर काढायला डिझेल आणि ताठ ब्रश. मात्र डिझेल स्वतःच तेल आहे; पुष्कळ जण डिझेलने पुसून तसाच रंग मारतात आणि मग तो धरत नाही म्हणून रंगाला दोष देतात. डिझेलनंतर भांडी घासायचं द्रावण आणि गरम पाणी, मग भरपूर साधं पाणी. पुराच्या गाडीत हे शेवटचं पाणी सगळ्यांत मोलाचं, कारण क्षार थिनरने जात नाहीत, पाण्यानेच जातात. आम्ही प्रत्येक भाग पुन्हापुन्हा धुतला, सांध्यांत नळाची धार धरली.

पत्रा स्वच्छ झाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर स्वच्छ पाणी ओतून तिरका धरायचा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखं पसरून राहिलं तर तेल गेलं. पाणी फाटलं, थेंब थेंब झालं, तर त्या जागी अजून तेल आहे. फिल्टरच्या डब्याची एक बाजू या परीक्षेत परत परत नापास होत होती. तिथे कधीतरी टायर किंवा डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा फवारा बसला असणार. सिलिकॉन राहिलं तर ओला रंग त्या जागेपासून पळतो आणि गोल खळगे पडतात. थिनरने एका फडक्याने ओलं करून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं, फडकी सतत बदलायची, असं करत ती बाजू शेवटी पास झाली.

मग जुना रंग. वरचा चिकट थर पेंट रिमूव्हरने निघाला. खाली मूळचा, कंपनीच्या वेळचा रंग आणि पिवळसर प्रायमर होता. त्या काळच्या प्रायमरमध्ये शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, म्हणून कोरडा ग्राइंडर लावला नाही. वॉटर पेपर पाण्यात भिजवून १२० नंबरने सुरुवात, २२० आणि मग ३२० ने शेवट, आणि निघालेला राडा वर्तमानपत्रावर गोळा केला. तो विहिरीकडे वाहू द्यायचा नाही, हे मामांनीच पहिल्यांदा बजावलं होतं.

टॅपेट कव्हर

सगळ्यांत जास्त वेळ या एका भागाने घेतला, आणि तो दिला पाहिजे, कारण बॉनेट उघडल्यावर नजर तिथेच जाते.

रंगाआधी त्याची कड बघितली. वर्षानुवर्षं नट जास्त कसल्यामुळे बोल्टच्या भोकांपाशी पत्रा आत दबला होता आणि मधल्या भागात पॅकिंगला नीट टेकत नव्हता. तिथून तेल झिरपायचं आणि ते रंगाच्या कडेखाली शिरायचं. म्हणजे रंग सुटण्याचं हे आणखी एक कारण, आणि त्यावर रंग हा उपाय नव्हताच. सागाच्या ठोकळ्यावर कव्हर पालथं ठेवून लहान हातोडीने कड हळूहळू सपाट केली, काचेच्या तुकड्यावर ठेवून फट तपासली.

कव्हरच्या आतल्या बाजूला रंग लावायचा नाही. आत गरम तेल सतत उडत असतं. तिथला रंग कधीतरी सुटतो आणि त्याचे कण तेलाच्या जाळीत जाऊन अडकतात. आतली बाजू आणि पॅकिंगची कड टेपने झाकली. घासताना आत गेलेली धूळ आधी धुऊन काढली होती.

खड्ड्यांतल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावलं. गंज काळसर झाला, मग पाण्याने धुऊन, उन्हात तापवून पूर्ण कोरडं केलं. हे न धुता वर रंग मारला तर उरलेलं ॲसिड पुन्हा फोड आणतं. त्यानंतर इंजिन इनॅमलच्याच कुळातला तापसह प्रायमर. प्रायमर एका कुळाचा आणि रंग दुसऱ्या, असं करू नये. दोन्ही एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी केलेले घ्यावेत. शंभर-दोनशे रुपये वाचवायला इथे जागा नाही.

मामांना चंदेरी रंग हवा होता. कॅन कोमट पाण्यात ठेवून, आतली गोळी खडखडू लागल्यावरही बराच वेळ हलवला, कारण चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात आणि ते तळाशी बसतात. नोझल पत्र्यापासून वीतभर लांब. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसतच राहिला पाहिजे; तो पुढच्या हातांना धरून ठेवतो. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आणखी दोन पातळ हात. अशा रंगाच्या कॅनवर लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभराच्या आत द्या किंवा मग दोन दिवस थांबा. लोक हे वाचत नाहीत. मधल्या काळात वरचा थर सुकलेला पण आतला ओला असतो, त्या वेळी नवा हात दिला की त्यातला थिनर खाली शिरतो आणि सुरकुत्या उमटतात.

फवारताना सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा मास्क घातला होता. कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कॅनमधला दाब देणारा वायू बहुधा एलपीजीच्या जातीचा असतो, म्हणून तेवढा वेळ स्वयंपाकघराचं दार बंद ठेवलं, गॅस पेटवला नाही, उदबत्तीही नाही.

इंजिन इनॅमल हवेवर वाळतं, पण पेट्रोलला तोंड देण्याइतकं घट्ट होतं ते तापल्यावर. घरच्या खाण्याच्या ओव्हनमध्ये रंगाचा भाग भाजू नये. आम्ही कव्हर काही दिवस उन्हात ठेवलं, मग नव्या कॉर्कच्या पॅकिंगवर बसवून इंजिनाच्याच तापावर भाजलं: आधी थोडा वेळ इंजिन चालवून बंद, पूर्ण गार, मग जास्त वेळ, पुन्हा गार, मग गावात एक चक्कर. पहिल्या खेपेला वास आणि हलका धूर येतो, म्हणून गाडी उघड्यावर. नट कसताना पॅकिंग दबेपर्यंतच कसले, हिसका दिला नाही.

ट्रे आणि बाकीचं

ट्रेवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला. फेस आला. तो थांबला की धुऊन पुन्हा ओतला, फेस येणं बंद होईपर्यंत. ॲसिड मारल्याशिवाय ब्रशसुद्धा लावायचा नाही. ते अंगावर उडतं. मग वायर ब्रश, खड्ड्यांत टोकदार खरवडणी, रस्ट रिमूव्हर, धुणं, उन्हात वाळवणं.

औद्योगिक रंगांच्या दुकानात दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मिळतो. तो फवारला नाही, ब्रशनेच लावला, हातात नायट्राइलचे मोजे घालून, कारण त्याच्या हार्डनरची त्वचेला ॲलर्जी होते. मिसळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग लावायचा. खड्ड्यांत ब्रशची टोकं रोवून भरायचा. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीचाच काळा वरचा हात. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, पण बॉनेटखाली ऊन कुठे येतं? बॅटरीखाली रबरी चटई घातली.

ब्लॉकवर फक्त गंजलेल्या जागी ब्रशने इनॅमल. पुलीच्या खाचेत, जिथे पट्टा बसतो, रंग नाही. वायर आणि होजवरचा रंग सौम्य साबणाने आणि नखाने काढला. रबरावर थिनर वापरलं नाही. रेडिएटरच्या जाळीत काळा रंग भरून वाट बुजली होती. तिथे जाड रंग म्हणजे थंडावण्याच्या कामात अडथळा, आणि तो बारीक पत्र्यांतून काढणं घरचं काम नाही. रेडिएटरवाल्याकडे देऊन कोअर, म्हणजे आतली जाळी, साफ करून घेतला, त्याने वर नावापुरता पातळ काळा हात दिला. त्यानंतर घाटात तापमानाचा काटा पूर्वीइतका वर जात नाही.

पुढे काय झालं

त्यानंतरच्या पावसाळ्यांत गाडी पडवीशेजारच्या शेडमध्येच उभी असते, आठवड्यातून एक-दोनदा बाजारात जाते. टॅपेट कव्हरचा चंदेरी रंग किंचित पिवळट झाला आहे, पण घट्ट आहे. पेट्रोलचं फडकं फिरवलं तरी येत नाही. फिल्टरच्या डब्यावर एकही फोड नाही. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यांत मोठा निकाल, कारण त्या डब्यावर रंग काही खास नव्हता, खास होतं ते धुणं. ट्रेला क्लॅम्पच्या कडेशी, जिथे कसताना इपॉक्सीचा टवका उडाला, तिथे गंजाची बारीक रेघ आहे. ती वाढली नाही, तरी सोडा आणि ब्रश घेऊन तिला हात लावायला हवा. २०२५ च्या नूतनीकरणात इंजिन नंबर विनासायास वाचला गेला.

पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन आता सुमारे पंचवीस वर्षं झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग सहज मिळायचे. आता टॅपेट कव्हर किंवा फिल्टरचा डबा गंजून गेला तर तसाच दुसरा शोधत भंगार बाजार पालथा घालावा लागतो. म्हणून या गाड्यांवरचं रंगकाम हौसेचं राहिलेलं नाही, तो पत्रा वाचवण्याचा मार्ग आहे.

एक जागा टिकली नाही. ब्रेक सिलेंडरखालच्या पत्र्यावर इपॉक्सी असूनही ब्रेक ऑइल झिरपून झिरपून त्याला मऊ केलं आणि एक तळहाताएवढा तुकडा सोलून निघाला. डॉट-थ्री जातीचं ऑइल जवळजवळ प्रत्येक रंग उचलतं. इपॉक्सी इतरांपेक्षा जास्त वेळ तग धरतो, एवढंच. गळतीचं मूळ सिलेंडरच्या जुन्या रबरांत आहे. येत्या डिसेंबरात फिटरकडून सिलेंडर उतरवून रबरं बदलून घ्यायची, आणि तो बाहेर असतानाच तिथला पत्रा कोरा करून पुन्हा दोन हात द्यायचे असं ठरलं आहे. तोवर मामांना सांगून ठेवलंय की ऑइल भरताना खाली ओलं फडकं अंथरा, आणि एक थेंब जरी सांडला तरी पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं.